गहिनीभाऊची ट्रायल

आमच्या दादाच्या दुकानातून औषधाची बाटली विकत घेणं सोपं नाही. पैसे हातात असले तरी नाही. आधी तो चष्म्याच्या वरून बघणार आणि तीन प्रश्न विचारणार. पीक कोणतं? किती दिवसांचं? पाणी कधी दिलं? तिन्हींची उत्तरं पटली तर बाटली रॅकवरून खाली येते, नाहीतर "राहू दे, गरज न्हाई" म्हणून गिऱ्हाईक परत. आलेलं गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार आख्ख्या पाथर्डी तालुक्यात हा एकच असेल. मी त्याला कितीदा म्हटलं, तू दुकान काढलंयस का पोलीस चौकी? त्यावर नुसता हसतो. हसला की खालचा पडका दात दिसतो. तो बसवून घे म्हणून दहा वर्षं माझा घसा कोरडा पडलाय, तेही ऐकत नाही.

दादा म्हणजे गहिनीनाथ, माझा सख्खा थोरला भाऊ. गाव त्याला गहिनीभाऊ म्हणतं. मी पुष्पावती, त्याच्या पाठची. मला दिलंय नगरजवळच्या केडगावात, आणि तिथंच एका लॅबमध्ये गेली अठरा वर्षं मी लोकांचं रक्त काढते. आमचं माहेर तिसगावच्या पुढं, आत सहा किलोमीटर. पाऊस झाला तर कापूस, तूर, बाजरी. नाही झाला तर निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला. असल्या गावात कृषी सेवा केंद्र काढून ते एकवीस वर्षं चालवून दाखवणं ही काय खायची गोष्ट नाही. ते चाललं ते दादाच्या एका सवयीमुळं.

कुठलंही नवीन औषध आलं की दादा ते आधी स्वतःच्या वावरात मारतो. सगळ्या वावरात नाही, मधल्या दोन सऱ्या कोऱ्या सोडतो. त्यांच्या टोकाला काठी रोवून पांढरी चिंधी बांधतो, आणि मग महिनाभर कंपनीच्या माणसानं कितीही फोन केले तरी याचं एकच उत्तर, "बघतोय." महिन्यानं कोऱ्या सऱ्या आणि मारलेल्या सऱ्या सारख्याच दिसल्या तर माल परत. फरक दिसला तरच दुकानात ठेवायचा. यात त्याच्या पिकाचं नुकसानही झालंय. एकदा कसल्याशा पावडरीनं अर्धा एकर कापूस करपला, तर वहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. हा म्हणतो, बरं झालं, माझाच करपला.

वावर रस्त्याला लागून आहे. येणारा-जाणारा गाडी उभी करून बांधावरून बघतो. पण खरं सांगू का, महिनाभर थांबतंय कोण? दादानं पंप पाठीवर घेतला की दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं-तिघं दुकानात हजर. "काल काय मारत हुता? तेच द्या." दादा म्हणणार, "आरं, अजून ट्रायल हाय." की लगेच उत्तर, "आसू द्या की. तुमी मारलंय ना, मंग झालं." हा आमच्या गावाचा जुना रोग. दादा त्यावर चिडायचा, ओरडायचा, पण आतून त्याला ते बरंही वाटायचं. बहीण आहे म्हणून सांगते. आपल्याकडं बघून गाव चालतं, हे कुणाला आवडत नाही?

आता आमच्या घरातलं दुखणं सांगते. आमचे अण्णा एक्कावन्नाव्या वर्षी गेले. घोडेगावच्या बाजारात खोंड बघायला गेले होते. जबडा उघडून दात बघायला म्हणून वाकले, ते तिथंच बसले आणि गेले. चुलते त्रेपन्नाव्या वर्षी, अंगणात दाढी करताना. लोक म्हणतात घराण्यात आहे, आणि सोडून देतात. मला सोडून देता येईना, कारण मी रोज उठून दुसऱ्यांचे रिपोर्ट बघते आणि त्यांना शहाणपण शिकवते.

म्हणून तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेला मी दादाला सकाळी उपाशी बसवला. समोर ताटात करंज्या ठेवल्या होत्या. त्यानं हात पुढं केला, तो मी तसाच धरला, दंडाला पट्टा बांधला आणि सुई घातली. "ओवाळणी म्हणून रक्त घेणारी बहीण पयल्यांदा बघितली," म्हणाला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल तीनशे बारा, आणि त्यातलं जे वाईट म्हणतात ते एलडीएल दोनशे अठ्ठावीस. शंभराच्या आसपास पाहिजे ते. नगरच्या डॉक्टरांनी आमची सगळी कुंडली विचारली आणि एक गोळी लावून दिली. रोज रात्री एक, जन्मभर. दादानं ती इमानानं घेतली. तीन महिन्यांनी एलडीएल एकशे सहावर आलं, तेव्हा मी लॅबमध्ये पेढे वाटले. सगळे विचारायला लागले, मुलीचं जमलं का?

दोन वर्षं सुरळीत चाललं. मग आला अमृत.

अमृत हा एका औषध कंपनीचा फिरता माणूस. तरुण, बोलायला मिठ्ठास, बुटाला कायम पॉलिश. पिकाला मारायचा समुद्री शेवाळाचा अर्क तोच दादाला पुरवायचा. कोऱ्या चहासारखा काळपट, झाकण उघडलं की मासळी बाजार. तो दादानं दोन हंगाम पारखून घेतला होता. मारलेल्या सऱ्यांत कपाशीची पातेगळ, म्हणजे कळ्या गळणं, कमी दिसली, म्हणून दुकानात ठेवला होता. त्या विश्वासावर अमृतनं पोळ्याच्या सुमारास काउंटरवर एक डबा ठेवला. आत कॅप्सूल.

"भाऊ, हे माणसांचं. तेच शेवाळ, त्यात माशाचं तेल आणि खेकड्याच्या कवचाची पावडर. कोलेस्टेरॉल झटक्यात खाली. केमिकल शून्य, सगळं समुद्रातलं."

दादानं चष्मा सारखा केला आणि बरोबरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "ट्रायल कुणावर घेतली?"

"आहे ना, खाली लिहिलंय."

"खाली उंदीर लिवलंय."

"सुरुवात उंदरांपासूनच करतात भाऊ."

"माझ्याकडं उंदीर गिऱ्हाईक न्हाईत. उंदराचं औषध मागायला येतात तीबी माणसंच असत्यात."

त्या दिवशी त्याला हाकलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण अमृत जाता जाता म्हणाला, "पिकाला चाललं ते माणसाला का नाही चालणार? तुम्हीच बघा ट्रायल घेऊन." ट्रायल हा शब्द ऐकला की आमच्या दादाचे कान उभे राहतात. शिवाय गोळीनं पोटऱ्या दुखतात अशी त्याची कुरकुर होतीच. आणि गावात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असलेले पस्तीस-चाळीस लोक आहेत. त्यांना काही बरं मिळत असेल तर बघावं, असंही त्याच्या मनात आलं. आलं ते चांगल्या मनानंच आलं.

"पुष्पे, रविवारी सुई घेऊन ये," म्हणून फोन आला. मी गेले तर म्हणतो, "आजपासून गोळी बंद. तीन महिने नुसती कॅप्सूल. आजचं रक्त आन तीन महिन्यांनंतरचं रक्त, ताडून बघायचं."

मी तोंडाला येईल ते बोलले. वहिनीनंही माझीच बाजू घेतली. शेवटी म्हटलं, "घ्यायची तर दोन्ही बरोबर घे ना. गोळी कशाला सोडतोस?"

"दोन औषधं एकदम मारली तर गुण कशानं आला ते कसं कळायचं?"

वावरात ते खरंच आहे.

मी सोडलं नाही. सोमवारी आमच्या लॅबच्या मॅडमना विचारलं. त्या डॉक्टर आहेत, शांतपणे समजावून सांगतात. म्हणाल्या, शेवाळात एक चिकट द्रव्य असतं, ते आतड्यात चरबी आणि पित्त धरून बाहेर काढतं. खेकड्याच्या कवचातल्या द्रव्याचंही थोडंफार तसंच. जनावरांवरच्या प्रयोगात कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसतं, माणसांत कुणाला थोडं, कुणाला काहीच नाही. माशाच्या तेलानं रक्तातली चरबी उतरते, पण ती ट्रायग्लिसराइड, तुझ्या भावाची वाढलेली ती नव्हे. उद्या समुद्रातून एखादं खरं औषध निघेलही, मी नाही म्हणत नाही. पण घराण्यातून आलेल्या दुखण्याला आज गोळी सोडून हे घेणं म्हणजे आगीशी खेळ. हे सगळं मी दादाला फोनवर शब्दाला शब्द सांगितलं.

"मंग तीन महिन्यानं कळंलच की," म्हणाला.

"तीन महिन्यांनी तू राहशील का?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मला रडूच आलं.

"रडू नगं येडे. अण्णा एक्कावन्नला गेले. मी एकूनपन्नासचा हाय," असं म्हणून हा हसतोय. मी फोन आपटला.

तर कॅप्सूलचा डबा दादाच्या काउंटरवर, वजनकाट्याच्या शेजारी बसला. सकाळी दुकान उघडलं की शेजारच्या आसारामच्या टपरीवरचा चहा यायचा, त्याच्याआधी हा दोन कॅप्सूल पाण्याबरोबर घ्यायचा, सगळ्यांच्या देखत. कुणी विचारलं तर लपवाछपवी नाही. समुद्राचं शेवाळ आहे, कोलेस्टेरॉलवर आहे, गोळी बंद करून ट्रायल चाललीय, अजून काही सांगता येत नाही. प्रत्येकाला हेच सांगायचा. आणि प्रत्येकजण ऐकताना त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हता, डब्याकडं बघत होता.

त्यातच एक होता सहादेव. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा, चोपन्न-पंचावन्नचा, बैलांचा नादी माणूस. दीड वर्षापूर्वी त्याच्या छातीत कळ आली तेव्हा दादानंच त्याला टेम्पोत घालून नगरला नेला होता. सरकारी योजनेतून हृदयाच्या नळीत जाळी बसवली, माणूस वाचला. तेव्हापासून सहादेव दादाच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याला पाच गोळ्या लावून दिल्या होत्या, रक्त पातळ राहायची, कोलेस्टेरॉलची, आणखी कसल्या कसल्या. त्या गोळ्यांचा त्याला भारी कंटाळा. म्हणायचा, "भाकरी कमी आन गोळ्या जास्त, ह्यो काय जल्म हाय?"

दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीला निघायच्या दोन दिवस अगोदर, सहादेव दुकानात आला आणि शेवाळाच्या अर्काची लिटरची बाटली मागितली. पिकाला मारायची, ती. दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी होती, अमृतचा फोन कानाला लागलेला होता. दादानं बाटली काढून दिली. तीन प्रश्न विचारले नाहीत. एकवीस वर्षांत विसरला नाही, तो त्या दिवशी विसरला. विचारले असते तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर नव्हतं. सहादेवाची बाजरी निघून गेली होती, वावर उघडं पडलं होतं, आणि माणूस पाच महिन्यांसाठी बाहेर चालला होता. मारणार कशावर?

ती बाटली सहादेवानं प्यायला नेली होती. रोज सकाळी एक झाकण, तांब्याभर पाण्यात. आणि पाचही गोळ्या बंद.

हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. मी इकडं केडगावात रोज सकाळी दादाला फोन करायचे. छातीत काही? हात जड? दम लागतो का? तो वैतागून म्हणायचा, "ठणठणीत हाय, फोन ठेव." मी देवाला नवस बोलले, वहिनीला सांगून घरातलं तेल कमी करवलं. चुकीच्या माणसाची काळजी करत बसले मी.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तीन महिने भरले. मी रक्त घेतलं, संध्याकाळी रिपोर्ट काढला. एलडीएल दोनशे एकवीस. गोळी चालू असताना एकशे सहा, आणि आता जवळजवळ होतं तिथंच परत. समुद्रानं सात आकडे कमी केले असतील तर असतील. मी फोटो पाठवला आणि फोन लावला. मला वाटलं हा कारणं सांगेल. पण नाही. म्हणाला, "न्हाई चालत. माल परत." त्या रात्री त्यानं गोळी घेतली आणि मला तसा फोटोही पाठवला, तळहातावर गोळी ठेवलेला. मी इतकी खूश झाले की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानात येईल त्याला निकाल सांगायला सुरुवात केली. आसाराम चहा घेऊन आला तेव्हा त्यालाही सांगितला.

आसाराम म्हणाला, "मंग सहादेवाला कळवा की. त्यो तर ढवळून पितोय."

"काय पितोय?"

"तेच की. शेवाळ. तुमच्याकडनंच नेली ना बाटली? गोळ्या बंद केल्या म्हनून सांगत हुता जाताना. गहिनीभाऊनं सोडल्या, म्याबी सोडल्या म्हनला."

दादा नंतर मला सांगत होता, की हातातला चहा कधी खाली ठेवला ते त्याला आठवत नाही. बाटली दिली तो दिवस मात्र त्याला डोळ्यांपुढं लख्ख दिसला. सहादेवाचा फोन बंद. त्याच्या बायकोचा, राहीबाईचा, बंद. ऊसतोडीच्या मुकादमानं सांगितलं टोळी प्रवरेच्या काठाला उतरलीय. दादानं टेम्पो काढला आणि मला केडगावातून उचललं. मी लॅबमध्ये रजाही टाकली नाही, तशीच पांढऱ्या कोटात बसले. रस्ताभर तो टेम्पो दामटत होता. मीच बडबडत होते. बाटलीतलं पिऊन विषबाधा झाली असेल का, त्यात पोटॅश असतं, नासू नये म्हणून काय काय घातलेलं असतं. माझं तेवढं बोलून झाल्यावर दादा म्हणाला, "बाटलीचं सोड. जाळी बसवलेल्या मानसानं दोन महिने गोळ्या घेतल्या न्हाईत."

टोळीच्या कोप्यांपाशी, पाचटाच्या झोपड्यांपाशी, पोचलो तर सहादेव गाडीच्या जुवावर बसून बैलांना उसाचे वाढे घालत होता. जिवंत! मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच देवाला हात जोडले. आम्हाला बघून तो हरखला. "आवो गहिनीभाऊ! हिकडं कुटं? आन पुष्पाताईबी!" मग स्वतःच कोपीत गेला आणि बाटली घेऊन आला. "ह्ये बघा, अजून दोन बोटं हाय. पुरवून पुरवून घेतोय."

"आरं ती पिकाची हाय, सहादेव."

"तेवढं कळतंय मला. पर शेवाळ तेच ना? डब्यावर आन बाटलीवर एकच चित्र हाय."

"आन गोळ्या?"

"सोडल्या. तुमी सोडल्या म्हनून."

"मी तुला सोड म्हनलो हुतो का रं?" दादाचा आवाज चढला.

"तुमी कशाला म्हनायला पायजे?" सहादेव हसत म्हणाला. "मी बघत हुतो की."

दादानं त्याला सगळं सांगितलं. ट्रायल फसली, रिपोर्ट वाईट आला, गोळ्या परत चालू करायच्या, आजच्या आज. सहादेव मान डोलवत ऐकत होता, पण मधूनमधून डावा खांदा दाबत होता. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, मोळ्या उचलून भरलाय, चार दिवस झाले. मी मनगट धरलं. डिसेंबरचं गार वारं, दादाच्या अंगावर स्वेटर, आणि त्याचा हात घामानं चिकट.

"दादा, याला टेम्पोत घे," मी म्हटलं.

राहीबाई उसाच्या फडात होती. तिला बोलावलं तर ती हातात कोयता तसाच घेऊन पळत आली. तो कोयता नगरपर्यंत तिच्या मांडीवर होता, ठेव म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सहादेव टेम्पोत मागं आडवा पडून म्हणत होता, बैलांना पाणी दाखवायला सांगा. दोन-तीनदा म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि त्यांचा चेहराच बदलला. झटका चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. जाळीत गाठ धरली होती, हृदयाचा बराचसा भाग गेला होता. त्यांनी त्यांच्याकडचं सगळं केलं. सहादेव तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

दादानं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून विचारलं, "गोळ्या सोडल्यामुळं गेला का?"

डॉक्टर म्हणाले, "छातीठोक नाही सांगता येत. गोळ्या घेणाऱ्यांच्याही जाळ्या बंद होतात. पण सोडायला नको होत्या. कुणी सांगितलं त्यांना?"

"कुनीच न्हाई. माझं बघून सोडल्या."

"तुम्ही सोडा म्हणालात का?"

"न्हाई."

"मग तुमचा काय दोष?" असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडं गेले. त्यांना काय समजावून सांगणार? त्यांना आमचं गाव ठाऊक नाही.

अमृतला मी फोनवर असा सोलला की त्याला आईचं दूध आठवलं असेल. तो म्हणत होता, ताई, आम्ही गोळी बंद करा असं कुठं लिहिलंय? खरंच लिहिलेलं नव्हतं. कागदावर सगळे निर्दोष होते. डबे, अर्काच्या बाटल्या, सगळं दादानं परत पाठवलं. आठ दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा लोक नेहमीसारखे आले, बसले, चहा प्यायले, तुरीवर अळी पडली म्हणून विचारू लागले. सहादेवाचा विषय निघाला की म्हणायचे, आयुष्यच तेवढं होतं. एकानंही दादाला बोल लावला नाही. मला तो फोनवर म्हणाला, "पुष्पे, कुनीतरी दोन शिव्या द्याव्यात गं." माझा भाऊ कधी असं बोललेला मला आठवत नाही. मी दिल्या असत्या, पण माझीही जीभ उचलेना.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी तो म्हणाला, राहीबाईकडं जायचंय, तू चल. एकट्याचा पाय उचलत नाही म्हणाला. आम्ही ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. राहीबाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. टोळीला परत कधी जायचं, बैल सध्या कुणाकडं आहेत, असलं काहीबाही ती बोलत राहिली. दादा तांब्याकडं बघत बसलेला. मग एकदम म्हणाला, "राहीबाई, माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कसं भाऊ? पयल्यांदा तुमीच वाचिवला हुता. दीड वरीस तुमच्यामुळंच मिळालं."

"त्यानं माझं बघून गोळ्या सोडल्या."

"व्हय. लई इस्वास हुता तुमच्यावर." हे तिनं दादाला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. दादानं उपरणं डोळ्यांना लावलं. अण्णांच्या वेळी मी त्याला रडताना बघितला होता, त्यानंतर आत्ता.

राहीबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग उठून आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत गोळ्यांची दोन पाकिटं. "ह्या माझ्या बीपीच्या. आरोग्य केंद्रातनं मिळत्यात. दोन वर्सं झाली घेते. ह्यांचं आसं झाल्यापास्नं घ्यावं का न्हाई, मनच लागंना. आठ दिस झालं घेतल्या न्हाईत. म्हनलं तुमी येताल तवा इचारू."

दादानं पाकिटांना हात लावला नाही. "मला त्यातलं कळत न्हाई, राहीबाई."

"तुमाला न्हाई कळत, मंग कुनाला कळतंय?"

"डॉक्टरला कळतं. त्याला इचारा. मला कायबी इचारू नका. माझं बघू नका, माझं ऐकू नका. हात जोडतो." आणि त्यानं खरोखरच हात जोडले.

राहीबाईला ते जोडलेले हात बघून अवघडल्यासारखं झालं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरं बरं. तुमी म्हनताय तर न्हाई ऐकत," ती म्हणाली, आणि पाकीट तसंच त्याच्यापुढं धरून विचारलं, "मंग ह्या घेऊ ना, भाऊ?"